पोटातल्या जंतूंची पुडी: मे महिन्यात मागवू नका

पाचपैकी दोन तारे. तेही डिसेंबरच्या डब्यामुळे. मेच्या डब्याला मी एकही दिला नसता.

माझं वय ६६, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, गाव वर्ध्याच्या आर्वी तालुक्यात. बद्धकोष्ठ, गुडघे आणि झोप, माझी ही तीन रडगाणी फोनवर ऐकून कंटाळलेल्या मुलीने पुण्याहून 'पन्नाशीपुढच्या महिलांसाठी' असलेली प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंची, पावडर मागवून दिली. ३० पुड्या, १,२५० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. असल्या दहा डब्यांवर सारखंच छापलेलं असतं: पचन, हाडं, वजन, उत्साह.

डब्याच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय, '२५ अंशांखाली ठेवा'. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या खाली यायला तयार नसतो. त्यात कुरिअरवाला गावात येत नाही. फाट्यावरच्या किराणा दुकानात पार्सल टाकतो अन् जातो. टिनाच्या छताखाली, पेंडीच्या पोत्यांवर ते तीन दिवस पडून होतं. पुडीत १,००० कोटी जिवंत जंतू आहेत म्हणे. त्याखाली पुन्हा मुंगीची अक्षरं: 'उत्पादनाच्या वेळी'. म्हणजे कारखान्यातून निघताना. माझ्या हाती पडताना किती, ते मोजायचं कुणी?

विज्ञान शिकवत आले, म्हणून मी मोजायला बसले. दूध तापवून कोमट केलं, दोन वाट्यांत ओतलं. एकीत पुडी, दुसरीत सासूबाईंच्या गाडग्यातलं चमचाभर दही. सासूबाई ८८ वर्षांच्या. त्या बघून म्हणाल्या, "पुडीतून इरजन निंगते काय व?" सहा तासांनी त्यांच्या वाटीत चमचा उभा राहील असं दही लागलं होतं. पुडीच्या वाटीत दूध जसंच्या तसं, जरा गोड मात्र झालेलं. तो गोडवा इन्युलिनचा. ते जंतूंचं खाद्य म्हणून घातलेलं असतं आणि आपल्या कांद्या-लसणातही असतं. मुलीने फोनवर लगेच हटकलं, "आई, सगळेच जंतू दही लावत नाहीत, ही काही परीक्षा नाही." बरोबर आहे तिचं. पण डिसेंबरमध्ये तीच पावडर पुन्हा आली, तेव्हा गोधडीत गुंडाळलेल्या वाटीत सकाळपर्यंत ढिलं का होईना, दही लागलं. आता काय ते समजून घ्या.

डिसेंबरचा डबा नेमाने घेतला. पहिले चार दिवस पोट नगाऱ्यासारखं. नंतर सकाळचं काम सोपं झालं, हे खरं. पण त्याच महिन्यात मी गव्हाच्या पोळ्या कमी करून ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी सुरू केली होती. श्रेय कुणाला द्यायचं? मोठ्या आतड्यातले जंतू न पचलेला चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल करतात आणि आतड्याचं अस्तर त्यावर जगतं. चोथाच नसेल तर पुडीतले पाहुणे खातील काय? गुडघ्यांत फरक शून्य. झोप होती तशीच.

हाडांच्या दाव्याबद्दल थोडं. स्वीडनमध्ये ७५ ते ८० वयाच्या ९० बायकांना वर्षभर लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी ६४७५ हा जंतू किंवा नुसती खोटी पावडर दिली होती. जंतू घेणाऱ्यांच्या नडगीच्या हाडाची झीज कमी झाली. ते २०१८ मध्ये छापून आलं. पुढे नुकतीच पाळी गेलेल्या २३९ बायकांवर दोन वर्षं तेच करून पाहिलं, तर काही फरक दिसला नाही. शिवाय ६४७५ हा आकडा महत्त्वाचा असतो. एकाच नावाचे दोन जंतू म्हणजे एकाच आडनावाची दोन माणसं, गुण सारखे असतीलच असं नाही. माझ्या डब्यावर पाच लांबलचक नावं आहेत, आकडा एकाच्याही पुढे नाही. मग हाडांचं वचन कशाच्या भरवशावर दिलं?

शेजारणीने दोन पुड्या मागितल्या, मी दिल्या नाहीत. तिची केमो चालू आहे, आणि प्रतिकारशक्ती खाली आलेल्या माणसाने जिवंत जंतू डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हे डब्यावर ठळक हवं होतं. कुठेच नाही.

सासूबाई रोज दुपारी ज्वारीच्या कण्या ताकात कालवून, वर तिखट-मीठ घालून खातात. मीही खाते आता. त्याने ८८ वर्षं मिळतात असं मी म्हणत नाही. त्यांच्या दोन बहिणी हेच खाऊन साठीच्या आत गेल्या.

मागवायचीच असेल तर दिवाळीनंतर मागवा, पार्सल आलं त्याच दिवशी उचला आणि जंतूच्या नावापुढे आकडा आहे का ते आधी बघा. मेचा डबा परत करायला गेले होते. परतीची मुदत पाठवल्यापासून सात दिवसांची होती, आणि पार्सल फाट्यावर पोचलं होतं आठव्या दिवशी.