कर्करोगपेशींना किरणोत्सारी खूण: क्रोमियम, आयोडीन की इंडियम?

कर्करोगपेशींचा माग काढायला लावायच्या खुणेसाठी समस्थानिक (इथे मूलद्रव्याचं किरणोत्सारी रूप) निवडताना बहुतेकांची नजर आधी सिग्नलवर जाते. मी आधी विचारेन: खूण पेशीत नेमकी कुठे बसणार, आणि त्या पेशी किती काळ धडधाकट राहायला हव्यात?

क्रोमियम-५१ हा जुना भिडू. क्रोमेट पेशीत शिरतं, तिथे इलेक्ट्रॉन मिळून त्याचं क्षपण होतं आणि ते आतल्या प्रथिनांना धरून राहतं. पेशी फुटली की बाहेर पडतं, पण शेजारच्या पेशी ते पुन्हा फारसं उचलत नाहीत. टी-पेशींनी (रोगप्रतिकारक पेशींनी) किती कर्करोगपेशी मारल्या, हे चार तासांत मोजायला उत्तम. मात्र जिवंत पेशींतूनही ते झिरपतं, त्यामुळे रात्रभराच्या प्रयोगात आकडे गढूळ होतात.

आयोडीन-१२५ लावलेलं आयोडोडीऑक्सीयुरिडीन थायमिडीन या डीएनएच्या घटकाच्या जागी थेट डीएनएत बसतं. पेशी मेली की खूण सुटते आणि बरीचशी शरीराबाहेर जाते. म्हणून प्राण्यात टोचलेल्या पेशींपैकी किती तगल्या, याचा अंदाज बरा येतो. पण इथेच खरी मेख आहे. आयोडीन-१२५ चे ऑजे इलेक्ट्रॉन (अणूतून सुटणारे कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन) आपली ऊर्जा काही नॅनोमीटरच्या आत ओततात, तीही डीएनएच्या अंगावरच. दोन्ही धागे तुटतात. तेवढंच आयोडीन पेशीपटलावर असतं तर नुकसान कितीतरी कमी झालं असतं. ट्रिटियमयुक्त (किरणोत्सारी हायड्रोजन असलेलं) थायमिडीनही केंद्रकातच बसतं आणि त्याच्या बीटा कणांचा पल्ला सरासरी एखादा मायक्रोमीटर, म्हणजे मारा तिथल्या तिथेच. शिवाय या दोन्ही खुणा फक्त डीएनए बनवत असलेल्या पेशींनाच लागतात.

इंडियम-१११ ऑक्सिनला (ऑक्सिन म्हणजे इंडियमला पेशीपटलातून आत नेणारं रसायन) ती अट नाही. अर्धायुष्य २.८ दिवस, गॅमा कॅमेऱ्यात दिसतं. ऑजे इलेक्ट्रॉन याचेही आहेत, आणि ऑक्सिन स्वतःही विषारी आहे. पीईटी (पॉझिट्रॉनवर चालणारं स्कॅन) हवं असेल तर झिर्कोनियम-८९ (सुमारे ७८ तास). दोन्हींत मेलेल्या पेशींची खूण भक्षक पेशींत अडकून फसवू शकते.

खूण लावल्यावर ट्रिपॅन ब्लूने ९५ टक्के पेशी जिवंत दिसल्या, तरी हुरळून जाऊ नका. तो रंग फक्त पटल शाबूत आहे का एवढंच सांगतो. डीएनए तुटलेली पेशी एकदोनदा विभागून मग मरते, म्हणून वसाहती मोजणारी क्लोनोजेनिक चाचणी हवीच. सोबत दोन नियंत्रणं ठेवा: काहीच न लावलेल्या पेशी, आणि तेच रसायन पण किरणोत्साराविना. त्याशिवाय दोष किरणांचा की रसायनाचा, हे कळणार नाही.

माझा कौल: काही तासांसाठी क्रोमियम, दोन-चार दिवस पेशी कुठे जातात हे पाहायचं तर प्रतिपेशी कमीत कमी मात्रेत इंडियम किंवा झिर्कोनियम, आयोडीन तेव्हाच, जेव्हा मेलेल्या पेशींची खूण निघून जाणं अत्यावश्यक असेल. आठवड्यांचा प्रयोग असेल, तर दर विभाजनाला निम्मी होणाऱ्या या खुणांपेक्षा ल्युसिफरेज (प्रकाश निर्माण करणारं विकर) या विकराचं जनुक घातलेल्या पेशी घ्या.