ट्रॅक्टरला फोर्क लावायचे ते कुठे: बकेटवर, लोडरवर की मागच्या लिंकेजवर?

ट्रॅक्टरने पॅलेट (माल रचायचा लाकडी पाट) फोर्कने, म्हणजे दोन आडव्या काट्यांनी, उचलायचे ठरवले की तीन पर्याय समोर येतात. लोडरच्या (ट्रॅक्टरच्या पुढच्या उचलणाऱ्या हातांच्या) बकेटच्या धारेवर आवळून बसवायचे सुटे काटे, बकेट उतरवून तिच्या जागी लागणारी फोर्कची फ्रेम, आणि मागच्या थ्री-पॉइंट लिंकेजला (अवजार धरणारे खालचे दोन दांडे, म्हणजे लोअर लिंक, आणि वरचा एक, म्हणजे टॉप लिंक) जोडायचे फोर्क. तिन्हींसोबत ‘इतके किलो उचलते’ असा एक ठसठशीत आकडा येतो. हे आकडे शेजारी शेजारी मांडून निवड केली तर ती हमखास चुकते, कारण प्रत्येक आकडा वेगळ्या जागी मोजलेला असतो.

लोडरच्या माहितीपत्रकातला मोठ्या अक्षरातला आकडा बहुधा बकेट ज्या पिनांवर फिरते तिथला असतो. पॅलेटचे वजन तिथे कधीच येत नाही. १२०० मिलिमीटर लांबीच्या पॅलेटचा भारमध्य काट्यांच्या उभ्या भागापासून ६०० मिलिमीटर पुढे असतो. मागच्या लिंकेजची प्रमाणित चाचणी मात्र लोअर लिंकच्या टोकांपासून ६१० मिलिमीटर मागे वजन लावून घेतात, म्हणजे पॅलेटचा भार जिथे येतो त्याच्या जवळपास. त्यामुळे मागचा आकडा प्रत्यक्ष कामात थोडाच घटतो आणि पुढचा बराच घटतो. काही माहितीपत्रकांत मागचाही आकडा लिंकच्या टोकांवरचा दिलेला असतो. तो अर्थातच मोठा दिसतो, म्हणून आकड्याखालची बारीक ओळ वाचावी.

किती घटतो, याचा एक ढोबळ हिशेब करू. समजा लोडर पिनांपाशी ९०० किलो उचलतो आणि लोडरच्या खांबावरच्या सांध्यापासून पिनांपर्यंतचे आडवे अंतर २ मीटर आहे. म्हणजे त्याच्याकडे १८०० चे (किलो गुणिले मीटर) बळ आहे. आता १५० किलोची फोर्कची फ्रेम लावली. तिचा भारमध्य पिनांच्या २० सेंटिमीटर पुढे धरला, तर ३३० फ्रेम उचलण्यातच गेले. उरले १४७०. पॅलेटचा भारमध्य पिनांपासून ७५ सेंटिमीटरवर, म्हणजे सांध्यापासून २.७५ मीटरवर. भागाकार केला की साधारण ५३५ किलो हाती येतात.

तोच लोडर, पण बकेट न काढता तिच्यावर सुटे काटे आवळले तर? २०० किलोची बकेट ३५ सेंटिमीटर पुढे, तिचे ४७०. काटे ६० किलोचे, पण मीटरभर पुढे, त्यांचे १८०. उरले ११५०. शिवाय बकेटच्या खोलीमुळे पॅलेट आणखी अर्धा मीटर पुढे सरकले आणि अंतर ३.२५ मीटर झाले. हाती येतात जेमतेम ३५० किलो. माहितीपत्रकावर ९०० लिहिलेल्या यंत्राची ही अवस्था. त्यात बऱ्याच लोडरची ताकद पूर्ण उंचीवर आणखी कमी होते. भरलेली कळशी कमरेवर ठेवून चालणे आणि हात लांब करून धरणे यातला फरक इथे किलोत दिसतो.

सुट्या काट्यांचा त्रास एवढ्यावरच थांबत नाही. बकेटची धार माती कापण्यासाठी केलेली असते, दोनच ठिकाणी एकवटलेला भार पेलण्यासाठी नाही. जड पॅलेटखाली ती वाकते आणि एकदा वाकली की नीट खरवडता येत नाही. आवळलेले काटे तिरके होतात, एक डावीकडे सरकतो, एक खाली झुकतो. बकेट मध्ये असल्याने काट्यांची टोके चालकाला दिसत नाहीत, त्यामुळे पॅलेटच्या फटीत काटे घालणे अंदाजाचे काम होते. काही जण स्क्रूने आवळण्याबरोबर साखळी बकेटच्या मागच्या कडेला ताणून बांधतात. त्याने घसरणे कमी होते, पण धारेवरचा भार तोच राहतो. वर्षातून चार-दोन वेळा हलके काहीतरी उचलायचे असेल आणि लोडरची बकेट पिनांवर कायमची असेल, तर सुटे काटे ठीक. एरवी माझे मत त्यांच्या विरोधात आहे.

फ्रेम घ्यायची तर आधी लोडरची जोडणी कुठल्या नमुन्याची आहे ते पाहा. स्किड-स्टीअर या छोट्या लोडर यंत्रांची तिरकी प्लेट (आयएसओ २४४१० हे तिचे मानक), युरो हूक, किंवा एखाद्या कंपनीचा स्वतःचा नमुना. हे एकमेकांत बसत नाहीत. मधली जोडपट्टी मिळते, पण ती स्वतःचे वजन आणि दहा-पंधरा सेंटिमीटर जास्तीचे अंतर घेऊन येते. वरच्या हिशेबात ते अंतर कुठे जाऊन बसते ते कळलेच असेल. बकेट अजून थेट पिनांवर असेल तर आधी द्रुत जोडणीची (अवजार झटपट बदलू देणारी) प्लेट बसवावी लागते आणि तिचाही भार त्याच खात्यातून जातो.

फ्रेमवरचे काटे बहुधा वर्ग २ या प्रमाणित मापाचे असतात. त्यांच्या आधारपट्टीची उंची ४०७ मिलिमीटर, आणि ते १००० ते २५०० किलोच्या यंत्रांसाठी असतात. लहान ट्रॅक्टरवर काट्यांची ताकद कधीच अपुरी पडत नाही, अपुरा पडतो तो लोडर. म्हणून ‘जास्त भक्कम’ म्हणून वर्ग ३ चे जाडजूड काटे घेणे म्हणजे उचलण्याची ताकद लोखंडावर उधळणे. लांबीचेही तसेच. १०७० मिलिमीटरचे काटे बहुतेक पॅलेटला पुरतात. लांब काट्यांच्या टोकावर भार घ्यायचा मोह होतो आणि वळताना टोके नको तिथे घुसतात.

पुढच्या फोर्कची खरी किंमत पुढचा धुरा मोजतो. भार पुढच्या चाकांच्याही पुढे लटकत असल्याने धुऱ्यावर नुसते पॅलेटचे वजन येत नाही, मागच्या चाकांवरून सरकलेले वजनही येते. मागची चाके हलकी होतात, आणि बऱ्याच ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतारावर याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको. अशा वेळी फोर-व्हील जोडलेलाच हवा, म्हणजे पुढची चाकेही रोखण्यात भाग घेतात. मागे वजन लावणे इथे ऐच्छिक नाही. ते लिंकेजवर, धुऱ्याच्या जितके मागे तितके चांगले: वजनाची पेटी किंवा एखादे जड अवजार. मागच्या टायरात पाणी भरले तर मागची चाके जमिनीला धरून राहतात, पण ते वजन धुऱ्यावरच बसल्याने पुढच्या धुऱ्याचा भार हलका होत नाही. हा फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आणखी एक धोका फक्त पुढच्या फोर्कचा. लोडर आपोआप समतल राखणारा नसेल, तर हात वर जातात तसे काटे मागे कलतात. पॅलेटवर पोती असतील तर ती मागे घसरतात, चाऱ्याचा गोल गठ्ठा असेल तर तो लोडरच्या हातांवरून घरंगळत थेट चालकावर येऊ शकतो. गोल गठ्ठ्यांसाठी भाला (गठ्ठ्यात खुपसायची टोकदार सळई) हेच योग्य अवजार. चालताना भार गुडघ्याएवढ्या उंचीवर, संरक्षक चौकट उभी आणि सीटबेल्ट लावलेला.

मागच्या लिंकेजवरचे फोर्क लोकांना फारसे आकर्षक वाटत नाहीत. कारण उघड आहे: लोअर लिंकची टोके मीटरभराच्या आतच वर जातात, त्यामुळे वाहनाच्या हौद्यात पॅलेट ठेवता येत नाही. मान मागे वळवून काम करावे लागते. काट्यांचा कल बदलायचा तर टॉप लिंक हाताने फिरवावी लागते, हायड्रॉलिक टॉप लिंक असेल तर गोष्ट वेगळी. पण पॅलेट एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचे एवढेच काम असेल, तर हाच पर्याय सगळ्यात स्वस्त, सगळ्यात साधा आणि माझ्या मते सगळ्यात कमी कदर झालेला. भार मोठ्या चाकांच्या आणि जाड धुऱ्याच्या जवळ राहतो. उलट पुढची चाके हलकी होतात, म्हणून ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या धुऱ्यावर उरायला हवा, नाहीतर स्टिअरिंग फिरते आणि ट्रॅक्टर सरळच जातो. पुढे रिकामा लोडर असेल तर ही गरज बरीचशी भागते.

घेताना लिंकेजच्या पिनांचा वर्ग जुळवा (हा काट्यांच्या वर्गाहून वेगळा). वर्ग १ ला खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि टॉप लिंकची १९ ची, वर्ग २ ला २८ आणि २५. लहान पिन मोठ्या भोकात बुश घालून चालवता येते, उलटे नाही. बाजूच्या साखळ्या ताणून ठेवल्या नाहीत तर भरलेले पॅलेट वळणावर झुलते.

आता हिच, म्हणजे ट्रेलरची जोडणी. फोर्कच्या फ्रेमला मध्यभागी ५० मिलिमीटरची चौकोनी नळी जोडलेली असेल, तर त्यात बॉल (ट्रेलरचे तोंड ज्यावर बसते तो गोळा) बसवून ट्रेलर पुढून ढकलता येतो. अरुंद जागेत ट्रेलर लावायला यासारखी सोय नाही, कारण बॉल डोळ्यांसमोर असतो. काट्यावर सरकवून बसवायचे हिचही मिळते. ते खिळीने आणि साखळीने काट्याला बांधलेले नसेल तर मागे येताना ट्रेलर जागेवर आणि हिच त्याच्याबरोबर, असे होते. मागे लोअर लिंकच्या मध्ये आडवी पट्टी टाकून बॉल लावणे हा तिसरा प्रकार. हलक्या ट्रेलरला तो चालतो, पण लिंक वरखाली होऊ शकतात, म्हणून उंची पक्की करणाऱ्या पट्ट्या हव्यात. हे सगळे आवारातल्या हलवाहलवीसाठी. बॉलवर येणारे वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के धरा आणि ते वरच्या लोडरच्या हिशेबात घाला. लांबवर ओढायचे किंवा रुतलेले काही बाहेर काढायचे असेल, तर फक्त ड्रॉबार, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागची खालची ओढपट्टी. वर उचललेल्या लिंकेजला किंवा टॉप लिंकच्या जागी साखळी लावून ओढले तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो, आणि ते सेकंद-दीड सेकंदात होते. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही.

जुने फोर्क मिळत असतील तर कॅलिपर घेऊन जा. काट्याच्या उभ्या भागाची जाडी मोजा, मग आडव्या पात्याची टाचेजवळ, म्हणजे काटा वळतो तिथे. टाच १० टक्के झिजली असेल तर काटा बाद समजतात, कारण वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गावर (जाडी गुणिले जाडी) अवलंबून असते आणि तेवढ्या झिजेत ती सुमारे २० टक्क्यांनी घटते. टाचेच्या आतल्या कोपऱ्यात बारीक तडा दिसला किंवा वेल्डिंगची खूण दिसली, तर भाव कितीही कमी असो, ते घेऊ नका.