आधी चौक निवडा, मग खोली: सांतियागोच्या पारादोरमधला मुक्काम

स्पेनच्या वायव्येला, गालिसिया प्रांतातल्या सांतियागो दे कॉम्पोस्तेलाच्या ओब्रादोइरो प्लाझात कॅथेड्रलकडे तोंड करून उभं राहिलं, की डाव्या हाताला एक लांबलचक दगडी इमारत दिसते. तेच ‘ओस्ताल दोस रेइस कातोलिकोस’. राणी इसाबेल आणि राजा फर्नांदो यांनी 1499 मध्ये यात्रेकरूंसाठी रुग्णालय बांधायचा हुकूम दिला आणि एन्रिके एगासने आराखडा केला. 1954 मध्ये त्याचं हॉटेल झालं आणि आता ते पारादोर या सरकारी साखळीतलं पंचतारांकित हॉटेल आहे. इथल्या भाड्यात इमारतीचा वाटा मोठा आहे, त्यामुळे बुकिंगआधी तिची रचना समजून घेणं फायद्याचं ठरतं.

आत चार चौक आहेत. येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चार शुभवर्तमानकारांची नावं त्यांना दिली आहेत: सान हुआन, सान मार्कोस, सान लुकास आणि सान मातेओ. पहिले दोन सोळाव्या शतकातले आणि मागचे दोन अठराव्या शतकात जोडलेले. मधोमध चॅपेल आहे. बहुतेक खोल्या या चौकांकडे किंवा मागच्या-बाजूच्या गल्ल्यांकडे उघडतात. प्लाझाकडे खिडकी असलेल्या खोल्या थोड्याच, आणि साध्या बुकिंगमध्ये त्या मिळतीलच असं नाही. ‘कॅथेड्रल दिसेल’ असं गृहीत धरून पैसे भरणारे इथेच निराश होतात.

खरं तर प्लाझाकडच्या खोलीचा हट्ट धरूच नये. कॅथेड्रलसमोरच्या पासो दे राशोइ या नगरपालिकेच्या इमारतीच्या कमानींखाली रात्री ‘तुना’, म्हणजे जुन्या विद्यार्थी-वेशातले वादक, गातात आणि मोकळ्या दगडी प्लाझात तो आवाज घुमत राहतो. कॅथेड्रलच्या घड्याळाचे टोलेही असतातच. कॅथेड्रल प्लाझात उतरून हवं तेवढं पाहता येतं, झोप मात्र खोलीतच मिळायला हवी. चौकाकडची खोली शांत असते. जुन्या वाड्यातल्यासारखाच तिचा तोटा उजेडाचा: भिंती जाड, खिडक्या खोल आणि खालच्या मजल्यावर दिवसाही दिवा लागतो. म्हणून बुकिंग झाल्यावर ईमेल करून ‘चौकाकडची, वरच्या मजल्यावरची, लिफ्टजवळची खोली’ असं स्पष्ट मागा. लिफ्टचा उल्लेख विसरू नका. कॉरिडॉर लांब आहेत आणि मध्येच पायऱ्या येतात. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल, तर हे आधीच कळवलेलं बरं.

शेंगेन व्हिसासाठी बुकिंग दाखवायचं असेल, तर रद्द करता येणारा दरच घ्या. स्वस्त दर बहुधा परतावा न देणारा असतो आणि व्हिसा अडकला की सगळी रक्कम जाते. नाश्ता धरलेला आहे का, तेही पाहा. चेक-इनला प्रत्येकाचा पासपोर्ट लागतो. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे देणं स्पेनमध्ये कायद्याने सक्तीचं आहे.

रेल्वे स्टेशन उताराच्या टोकाला आहे. जुन्या शहरातल्या ग्रॅनाइटच्या फरशीवर बॅगेची चाकं अडकतात, म्हणून टॅक्सी करा. खोली तयार नसली तरी सामान रिसेप्शनवर ठेवून द्या, कारण पाठीवरच्या मोठ्या सॅक घेऊन कॅथेड्रलमध्ये जाऊ देत नाहीत.

शाकाहारी मंडळींनी जेवणाची तयारी करून जावं. ‘काल्दो गालेगो’ हे सूप पालेभाजी, बटाटा आणि पांढऱ्या घेवड्याचं दिसतं, पण त्यात डुकराची चरबी असते. ‘एम्पानादा’त बहुधा ट्यूना किंवा मांस भरलेलं असतं. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ (मांस नको, मासे नको, हॅम नको) असं तिन्ही सांगावं लागतं. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर सॅलडवर ट्यूना येऊ शकतो. तळलेल्या छोट्या हिरव्या पाद्रोन मिरच्या निर्धास्त खा. एखादी तिखट निघते, पण आपल्याला ती जड जाणार नाही. बदामाच्या ‘तार्ता दे सांतियागो’त मैदा नसतो, अंडं असतं. मासे खाणाऱ्यांची मात्र इथे चंगळ आहे: पाप्रिका आणि ऑलिव्ह तेल घातलेला ऑक्टोपस घ्याच. हॉटेलातल्या दोन रेस्टॉरंटांपैकी ‘दोस रेइस’ औपचारिक आणि ‘एन्शेब्रे’ साधं. गालिसियन घरगुती पद्धतीचं खायचं तर दुसरं. रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मिळेल अशी आशा ठेवू नका. लहान मुलं असतील, तर सातच्या सुमारास बाहेरच्या एखाद्या बारमध्ये बटाट्याची तोर्तिया (अंड्याचं जाड ऑम्लेट) खाऊ घालावी.

थंडीत इथे पाऊस सतत पडतो. त्यामानाने जुलै-ऑगस्ट कोरडे. पण 24 जुलैच्या रात्री प्लाझात आतषबाजी होते आणि 25 ला संत याकोबाचा सण, त्या आठवड्यात शांतता विसरा. 25 जुलै रविवारी आला की ते ‘पवित्र वर्ष’ मानतात. पुढचं 2027 मध्ये आहे, त्यामुळे त्या वर्षाचं बुकिंग फार आधी करावं लागेल.

एक रात्र पुरते, मात्र दुपारीच पोहोचा. संध्याकाळी प्लाझा गजबजलेला असताना चारही चौक सावकाश फिरून घ्या आणि चॅपेलच्या खांबांवरचं कोरीवकाम बघा. सकाळी चेक-आउटच्या घाईत हे राहून जातं.