बॅगेत गोल्फचे १४ क्लब (काठ्या) की १०?

साताऱ्याहून पुण्याला गोल्फ शिकायला जाणारा भाचा विचारतो, मामा बॅगेत १४ भरू की १०.

खर्चात १० वालाच जिंकतो. वजनाचं तर विचारूच नको, १४ म्हणजे पाठीवर पोतं घेऊन अजिंक्यतारा चढायचा.

नियमात मात्र गंमत आहे, १४ ही कमाल मर्यादा, चुकून पंधरावा निघाला की होलमागे (चेंडू घालायच्या खड्ड्यामागे) २ स्ट्रोक म्हणजे फटक्यांचा दंड, जास्तीत जास्त ४, पण १० घेऊन निघालास तर मधेच १४ पर्यंत भर घालता येते, फक्त खेळ रेंगाळवायचा नाही आणि कोर्सवर खेळणाऱ्याकडून उसना मागायचा नाही. रागात आपटून मोडलास तर १४ वाल्याला बदली मिळत नाही (तुझा राग माहितीये मला!). खेळ चालू असताना ड्रायव्हरचं (लांब फटक्याच्या क्लबचं) सेटिंग फिरवून शॉट मारलास तर १० वाला असो की १४ वाला, दोघंही बाद.

स्वतः बॅग उचलणार, नवशिका असशील तर १०. कॅडी (बॅग उचलणारा) असेल, स्पर्धा खेळणार असशील तर १४, पण निघताना मोजून घे.