सिंहगड रस्त्यावरचे ब्रॉडबँड: मोठी कंपनी सोडून केबलचालकाकडे

घरासाठी ब्रॉडबँड घेताना सगळी चर्चा वेगाची होते आणि दुरुस्तीची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. सिंहगड रस्त्यावर वडगावच्या बाजूला असलेल्या आमच्या घराने यंदा एका मोठ्या कंपनीची जोडणी बंद करून परिसरातील केबलचालकाची फायबर (म्हणजे काचेच्या तारेची) जोडणी घेतली. काही महिने ती वापरल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की तार तुटल्यावर कोण येतो, किती वेळात येतो आणि हातात कोणते यंत्र घेऊन येतो, यावरच ब्रॉडबँड स्वस्त पडले की महाग हे ठरते. या केबलचालकाचे जाळे आमच्या आसपासच्या गल्ल्यांपुरतेच आहे. त्याचे नाव दिल्याने इतर भागांतील वाचकांना काही लाभ होणार नाही, म्हणून नावाऐवजी त्याची सेवा कशी पारखून घेतली आणि ती कशी निघाली, हे येथे लिहिते आहे.

आधी पैशांचे पाहू. जिओफायबरने २०२० साली ३० एमबीपीएसचा ३९९ रुपयांचा आणि १०० एमबीपीएसचा ६९९ रुपयांचा प्लॅन आणला, तेव्हापासून शहरी ग्राहकाच्या मनात ब्रॉडबँडचा भाव याच आकड्यांभोवती बसला आहे. एअरटेलचा १०० एमबीपीएसचा प्लॅन ७९९ रुपयांचा. मात्र जाहिरातीतील या रकमांवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे ६९९ चे प्रत्यक्षात सुमारे ८२५ रुपये होतात आणि ७९९ चे सुमारे ९४३. आमच्या केबलचालकाचा १०० एमबीपीएसचा सहामाही प्लॅन करासह ३,००० रुपयांना आहे. म्हणजे महिन्याला ५०० रुपये, आणि सहा महिन्यांचा हिशेब धरला तर ६९९ च्या प्लॅनपेक्षा जवळजवळ १,९५० रुपये कमी. त्यात कोणत्याही ओटीटी वाहिनीची वर्गणी समाविष्ट नाही, हे खरे. पण आमच्या घरात ज्या वाहिन्या पाहिल्या जातात त्यांची वर्गणी आम्ही स्वतंत्रपणे भरतो. न पाहिल्या जाणाऱ्या डझनभर वाहिन्यांसाठी दरमहा जादा पैसे देणे मला कधीच पटलेले नाही.

वेगाच्या बाबतीत घरोघरी गरजेपेक्षा मोठे प्लॅन घेतले जातात. एचडी दर्जाच्या चित्रपटाला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, फोरके दर्जासाठी १५ च्या आसपास लागतात, आणि कार्यालयीन व्हिडिओ बैठक तीन-चार एमबीपीएसमध्ये सुरळीत चालते. चौघांच्या घरात सगळे एकाच वेळी पडद्यासमोर बसले तरी ५० एमबीपीएसमध्ये भागते, आणि १०० घेतले तर मोठी फाइल उतरवून घेतानाही इतरांना अडचण होत नाही. ‘अनलिमिटेड’ या शब्दामागे बहुतेक मोठ्या कंपन्यांची महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. तिची धास्ती घेण्याचे कारण नाही, कारण ती दिवसाला ११० जीबी पडते आणि एचडी चित्रपट तासाला सुमारे ३ जीबी खातो. वायरलेस जोडणीची गोष्ट मात्र वेगळी आहे. जिओ एअरफायबर १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेश चतुर्थीला, पुण्यासह आठ शहरांत सुरू झाले आणि त्याच्या नेहमीच्या प्लॅनवर १,००० जीबीची मर्यादा होती. जेथे तार पोहोचत नाही अशा बंगल्याला किंवा दूरच्या वस्तीला ते उपयोगाचे आहे. पण दारापर्यंत फायबर येत असेल, तर मी फायबरच घेईन.

जुन्या कंपनीच्या वेगाबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. तार शाबूत असेपर्यंत तिची सेवा उत्तम चाले. मात्र सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचे काम, पावसाळ्यापूर्वीची झाडांची छाटणी आणि सतत कुठे ना कुठे चालणारी खोदाई यांमुळे आमच्या भागात तार तुटणे हा नित्याचाच प्रकार झाला होता, आणि तुटल्यानंतरचा अनुभव दर वेळी तोच असे. घरातील ओएनटीवर, म्हणजे फायबरची तार जेथे येऊन जोडली जाते त्या छोट्या पेटीवर, लाल दिवा लागलेला असताना ग्राहक सेवा केंद्राचा ध्वनिमुद्रित आवाज राऊटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगत असे; तक्रार नोंदवली की दुरुस्तीची वेळ कळवली जाई; ती वेळ उलटून जाई आणि मग कोणीही न येता ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश येई. पुन्हा तक्रार नोंदवायची, पुन्हा नवा क्रमांक घ्यायचा, पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगायचे. घरातून काम करणाऱ्या माणसाला यात रजा टाकावी लागते किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बैठका उरकाव्या लागतात, आणि ही झळ कोणत्याही बिलात दिसत नाही. त्यातच पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर दर वाढला, तेव्हा बदलाचा निर्णय झाला.

नवी जोडणी शोधताना बीएसएनएलचाही विचार केला होता. त्यांच्या फायबर प्लॅनमध्ये दूरध्वनीची सोय असते आणि ज्येष्ठांच्या घरात तिला अजूनही मोल आहे. मात्र बीएसएनएलच्या फायबर जोडण्या बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदारांमार्फत दिल्या जातात, त्यामुळे तेथेही आपल्या गल्लीतील भागीदार कोण आहे आणि त्याच्याकडे किती माणसे आहेत, हे विचारावेच लागते. आमच्या भागात त्या वेळी तशी जोडणी उपलब्ध नव्हती, म्हणून तो विषय तेथेच संपला.

केबलचालकाच्या कार्यालयात जाऊन मी प्लॅनआधी त्यांच्या जाळ्याबद्दल विचारले. अनेक छोटे सेवादाते इमारतीच्या गच्चीवर एका पेटीत स्विच बसवतात आणि तेथून प्रत्येक घरात लॅनची वायर सोडतात. ही पद्धत स्वस्त असते, पण गच्चीवरची वीज गेली की आपल्या घरात इन्व्हर्टर असूनही नेट बंद पडते. शिवाय पावसाळ्यात विजा कडाडल्या की तांब्याच्या वायरीतून यंत्रे जळण्याची भीती असते. जीपॉन या फायबरच्या पद्धतीत एक तार अनेक घरांत विभागण्यासाठी मध्ये बसवलेल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही, काचेची तार थेट घरातील ओएनटीपर्यंत येते, आणि एका मुख्य तारेचा २.५ गिगाबिटच्या आसपासचा वेग सहसा ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. आमच्या केबलचालकाकडे जीपॉन होते, एका स्प्लिटरवर ३२ हून अधिक घरे जोडत नाही असे त्यांनी सांगितले, आणि दुरुस्तीसाठी त्यांची स्वतःची दोन माणसे व तुटलेल्या तारेची टोके जोडणारे स्वतःचे स्प्लायसिंग यंत्र होते. हे तिसरे उत्तर माझ्या दृष्टीने निर्णायक ठरले. ज्यांच्याकडे यंत्र नसते त्यांना ते दुसऱ्याकडून मागवून आणावे लागते आणि तोवर ग्राहक अंधारात राहतो.

जोडणी करायला आलेल्या मुलाचे काम मी मुद्दाम जवळ उभी राहून पाहिले. गच्चीवरून खिडकीपर्यंत आणलेल्या काळ्या तारेचे आवरण त्याने सोलले, आतील केसासारखा बारीक तंतू स्पिरिटच्या कापसाने पुसला, क्लीव्हरने त्याचे टोक काटकोनात कापले आणि दोन्ही टोके यंत्रात ठेवली. यंत्राच्या छोट्या पडद्यावर ती टोके मोठी होऊन दिसत होती. पहिल्या वेळी एक टोक तिरके कापले गेले असल्याचे त्याला पडद्यावर दिसले, तेव्हा त्याने ते काढून टाकले आणि पुन्हा कापले. क्षणभर ठिणगी उडाली, टोके जुळली, वर संरक्षक नळी चढवून तापवली गेली. त्यानंतर त्याने तारेतून येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजणारे पॉवर मीटर लावून आकडा दाखवला: उणे १९ डीबीएम. हा आकडा प्रत्येक ग्राहकाने पाहून लिहून ठेवावा. तो उणे २७ च्या पलीकडे गेला की जोडणी डळमळू लागते. पुढे कधी नेट सारखे तुटू लागले, तर पहिल्या दिवसाचा आकडा हाताशी असलेला बरा. मग राऊटरकडे बोट दाखवून कोणाला वेळ मारून नेता येत नाही.

वापराच्या बाबतीत समाधान आहे. लॅनच्या तारेने लॅपटॉप जोडून मोजले असता दुपारी ९५ एमबीपीएसच्या आसपास वेग मिळतो, रात्री नऊ ते अकरा या गर्दीच्या वेळेत तो ८० वर येतो, आणि अपलोडही तितकाच मिळतो, ज्याचा घरून काम करणाऱ्याला मोठा फायदा होतो. आतल्या खोलीत मात्र सुरुवातीला ३० च्या पुढे आकडा जाईना. त्याचे कारण जोडणीत नव्हते. त्यांनी दिलेला राऊटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारा होता, आणि दाटीवाटीच्या सोसायटीत प्रत्येक घराचे वायफाय याच पट्ट्यात असल्यामुळे त्यात फार गर्दी होते. ५ गिगाहर्ट्‌झवरही चालणारा राऊटर स्वतः विकत घेतल्यावर प्रश्न सुटला. शंभराच्या पुढचा प्लॅन घेणाऱ्यांनी राऊटरचे पोर्ट गिगाबिटचे आहेत ना, हेही पाहावे. साध्या पोर्टमधून १०० पेक्षा अधिक वेग जातच नाही आणि मोठ्या प्लॅनचे पैसे वाया जातात.

तार एकदा तुटली. शेजारच्या इमारतीत रंगकाम चालू असताना रंगाऱ्यांच्या परांचीच्या दोरीत अडकून ती ओढली गेली. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लाल दिव्याचे छायाचित्र पाठवले, त्यावर “ताई, जेवणाच्या आधी करून देतो” असे उत्तर आले आणि तसेच झाले. ज्याने जोडणी केली तोच मुलगा आला, त्यामुळे तार कुठून कशी नेली आहे हे त्याला सांगावे लागले नाही. माझ्या लेखी या सेवेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

उणिवाही आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. ज्यांना कार्यालयाकडून ब्रॉडबँडचा खर्च परत घ्यायचा असतो, त्यांनी जीएसटी क्रमांक असलेले बिल मिळेल का, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. बाहेरून थेट आपल्या जोडणीपर्यंत पोहोचता येईल असा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे थेट आयपीवर चालणारा जुन्या पद्धतीचा सीसीटीव्ही आहे, त्यांना बाहेरून चित्र पाहताना अडचण येईल. रविवारी दुरुस्ती होईलच अशी खात्री नाही. दोन माणसांवर चालणाऱ्या सेवेत एकजण गावी गेला की दुसऱ्यावर भार पडणारच.

जोडणी बदलण्याच्या प्रक्रियेबद्दलही थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण मोबाइलमुळे लोकांचा एक समज झाला आहे. मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे, पण घरच्या ब्रॉडबँडला तसे काही नाही. येथे नवी जोडणी घ्यायची आणि जुनी स्वतः बंद करायची, एवढाच मार्ग आहे. म्हणून जुन्या प्लॅनची मुदत संपण्याआधी नवी जोडणी सुरू करून दोन्ही काही दिवस एकत्र चालू ठेवाव्यात. नव्या राऊटरला जुन्याच वायफायचे नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, की टीव्हीपासून प्रिंटरपर्यंत सर्व उपकरणे आपोआप जोडली जातात. बंद करण्याची विनंती लेखी, ईमेलने करावी आणि विनंती क्रमांक जपून ठेवावा. फोनवर त्या वेळी अचानक मोठी सवलत देऊ केली जाते. आमच्याही बाबतीत ती देऊ केली गेली, पण दुरुस्तीचे काय, या प्रश्नावर पलीकडे उत्तर नव्हते. कंपनीचा ओएनटी परत देताना अनुक्रमांकासह त्याचे छायाचित्र काढावे आणि पोचपावती घेतल्याशिवाय तो हातचा सोडू नये, कारण अनामत रक्कम त्याच कागदावर परत मिळते.

अनामत अडवून ठेवली किंवा बंद केलेल्या जोडणीचे बिल येत राहिले, तर गप्प बसू नये. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या २०१२ च्या विनियमांनुसार आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि तेथे समाधान न झाल्यास तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते, आणि अपिलावर ३९ दिवसांत निर्णय व्हावा लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचार सेवेबाबत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

ही जोडणी मी शेजाऱ्यांना सुचवते, पण सहामाही प्लॅनच घ्यायला सांगते. बारा महिन्यांचे पैसे एकरकमी भरल्यास एक महिना मोफत मिळतो, तरीही छोट्या सेवादात्याकडे वर्षभराची रक्कम अडकवणे मला योग्य वाटत नाही. ज्यांचे काम क्षणभरही थांबून चालत नाही, त्यांनी या जोडणीसोबत मोबाइलचा एक चांगला डेटा प्लॅन ठेवावा. दोन्हींचा एकत्रित खर्चही एअरटेलच्या प्लॅनच्या करासह ९४३ रुपयांच्या आत बसवता येतो.