पाठ नसलेली खुर्ची आणि माझी सायटिका

टिळक रोडजवळच्या एका दुकानातून फेब्रुवारीत ही खुर्ची आणली. १,४५० रुपये, घासाघीस चालली नाही. लोखंडी, घडीची, पाठ टेकायचा पत्रा काढलेली. मॉडेल कॉलनीत योगगुरू अय्यंगारांची, अशा खुर्चीच्या आधाराने आसनं शिकवणारी योगसंस्था १९७५ पासून आहे, त्यामुळे पुण्यात पाठ नसलेली खुर्ची मागितली तरी कुणी वेड्यात काढत नाही.

मी धायरीहून रोज स्कूटरवर लक्ष्मी रोडला जाते. जानेवारीत एका गतिरोधकावर आपटले आणि दुसऱ्या दिवशी उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ, करंगळीला मुंग्या. डॉक्टरांनी उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला, तर मी अर्ध्यावरच ओरडले. कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी पायात जाणाऱ्या नसेवर दाबतेय, हीच सायटिका, म्हणाले. दोन दिवस पडून राहा, मग घरातल्या घरात चाला, अंथरूण धरू नका. बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं म्हणे. पाय लुळा पडला, लघवीवरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागी बधिर वाटलं तर मात्र थेट हॉस्पिटल. हे त्यांनी दोनदा बजावलं, म्हणून मीही इथे लिहून ठेवते.

आता खुर्ची. जमिनीवर उताणं पडायचं, दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवायच्या, गुडघे काटकोनात. दहा मिनिटं. पहिल्याच दिवशी कंबर जमिनीला टेकली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला त्या पायाचा विसर पडला. यासाठी पाच तारे.

पण माझी उंची पाच फूट. बैठक उंच पडायची आणि कुल्ले अधांतरी लोंबकळायचे. दुकानदाराने उंची विचारली नाही, मलाही सुचलं नाही. शेवटी सोलापुरी चादरीची चौपदरी घडी खाली घेतली तेव्हा जमलं. तुम्ही बुटके असाल तर आधी घरातल्या स्टुलावर पाय टाकून बघा, कदाचित पैसे वाचतील. दुसरी तक्रार बुचांची. आठवड्यात दोन रबरी बुचं निघाली आणि खुर्ची फरशीवरून सुळकन सरकली. बोहरी आळीतून काठीची बुचं आणून बसवली, ती अजून घट्ट आहेत.

सोबत सुती पट्टा फुकट मिळतो आणि आसनांच्या फोटोंचा एक कागद. कागद रद्दीत घाला. त्यात पुढे वाकायची आसनं आहेत, मी उत्साहात पश्चिमोत्तानासन केलं आणि कळ घोट्यापर्यंत गेली. पट्ट्याचंही तेच. तळव्याला अडकवून पाय सरळ वर ओढत होते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी नस दुखते का बघायला जो पाय उचलला, तोच मी रोज व्यायाम म्हणून ताणत होते!

त्यांनी एक खूण दिली, ती खुर्चीपेक्षा मोलाची निघाली. काहीही करताना कळ पायात खाली उतरली की तिथेच थांबायचं. पायातली कमी होऊन कंबरेकडे वर सरकली तर, कंबर थोडी जास्त दुखली तरी, ठीक चाललंय. या हिशेबाने मला पालथं पडून कोपरांवर टेकून छाती उचलणं मानवलं, अर्धं भुजंगासनच म्हणा. माझ्या जावेला नेमकं तेच सोसत नाही, तिचं दुखणं वेगळं. तेव्हा माझं बघून करू नका.

दहाव्या आठवड्यात मुंग्या गेल्या. खुर्चीमुळे की आपोआप, सांगता येणार नाही. रात्री पाय अजून तिच्यावर टाकते. सकाळी मात्र ती मिळत नाही, सासूबाई तिच्यावर बसून पालेभाजी निवडतात. पाठ नसल्यामुळे पदर अडकत नाही म्हणतात.