ग्लोबल हेल्थचा फुकटातला ऑनलाइन कोर्स : करा, पण आपल्या भागातलं आपणच जोडून घ्या

आमच्या लॅबच्या मॅडमनी ग्रुपवर लिंक टाकली म्हणून केला. परदेशातल्या एका युनिव्हर्सिटीचा आहे, ग्लोबल हेल्थची, म्हणजे साऱ्या जगाच्या आरोग्याची तोंडओळख आणि त्यातले एथिक्सचे वांधे. फुकट आहे, इंग्रजीत आहे, हिंदी सबटायटल आहेत पण इतकी भंगार की बंद करूनच बघा. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), नर्सिंग, एमएसडब्ल्यू (समाजकार्य) वाल्यांनी जरूर करावा. पाचपैकी साडेतीन.

सुरुवातीचं रटाळ आहे, डब्ल्यूएचओची स्थापना १९४८, अल्मा-आटाची आरोग्य परिषद १९७८ आणि तिथली घोषणा 'सन २००० पर्यंत सर्वांना आरोग्य', १९८० ला देवीचा रोग जगातून गेल्याची घोषणा, हे सगळं दीडच्या स्पीडवर लावा.

औषधांच्या किमतीचा भाग आला की मात्र उठवत नाही. एचआयव्हीच्या तीन औषधांचा एका पेशंटचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर जात होता आणि २००१ मध्ये सिप्ला या आपल्याकडच्या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तेच ३५० डॉलरला देतो म्हणून सांगितलं. हे जमलं कसं तर आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषध बनवायच्या पद्धतीला पेटंट होतं, औषधाला नव्हतं, म्हणजे तेच औषध दुसऱ्या पद्धतीने बनवायला मोकळीक होती, ते २००५ ला बदललं. कंपनीचा संशोधनाचा खर्च एकीकडे आणि मरणारा माणूस दुसरीकडे, दोन्ही बाजू मास्तर नीट मांडतात, उगाच कुणाला व्हिलन करत नाहीत.

मग संशोधनाचा भाग. अमेरिकेतला टस्कगीचा अभ्यास तर अंगावर येतो, १९३२ ते १९७२, सिफिलिस झालेल्या ३९९ काळ्या माणसांना आजार काय ते धड सांगितलंच नाही आणि पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. त्यानंतर एझेडटी, एचआयव्हीवरचं औषध. आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण या औषधाने साधारण दोन तृतीयांश कमी होते हे १९९४ मध्येच कळलं होतं, तरी आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये कमी दिवसांच्या डोसची चाचणी घेताना काही बायकांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती गोळी दिली. का, तर महागडा पूर्ण कोर्स तिथं नाहीतरी मिळतच नव्हता. १९९७ ला यावरून मोठा वाद झाला. प्रश्न एवढाच की तुलनेच्या गटाला जगातलं चांगल्यात चांगलं द्यायचं की त्या गावात जे मिळतं ते.

हे ऐकताना मला आपलं बार्शी-उस्मानाबाद आठवलं आणि माझा पहिला एक मार्क इथंच कापला, कारण कोर्समध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास झाला, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं, निकाल २००९ ला छापून आला. तीन गटांना वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्याला नेहमीचंच, म्हणजे तपासणी नाही, कुठं होते तेवढी माहिती. एचपीव्ही (हा कॅन्सर ज्याने होतो तो विषाणू) टेस्टच्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, चौथ्या गटात ६४. एकदाच टेस्ट केली तरी जीव वाचतात हे त्यामुळे सिद्ध झालं, आणि त्या चौथ्या गटातल्या बायकांचं काय म्हणून टीकाही झाली. त्यावेळी जिल्ह्यात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता हे खरं. पण तो नव्हता म्हणूनच तसा गट ठेवता आला हे पण खरं, आणि मी पॅप स्मिअरच्या (याच कॅन्सरच्या तपासणीच्या) स्लाइड रंगवणारी बाई, मला अजून बाजू ठरवता आलेली नाही.

उरलेला अर्धा मार्क कापला तो सगळं मदतीला जाणाऱ्याच्याच नजरेतून दाखवलंय म्हणून. 'तुम्ही गरीब देशात सेवेला गेलात तर' यावर व्हिडिओच्या व्हिडिओ. अहो आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला चीनला गेले, १९४२ ला तिथंच वारले, भैय्या चौकात स्मारक आहे त्यांचं, तर इकडून तिकडे जाणारेही असतात की. आणि ज्याच्याकडे सेवेला जायचं त्याचं काय म्हणणं आहे ते कोण विचारणार?

तंबाखूचा धडा तसाच उरकलाय. २००३ चा आंतरराष्ट्रीय करार, टॅक्स वाढवा, पाकिटावर चित्र छापा, सगळं बरोबर. पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका आमच्याकडे हिमोग्लोबिनला येतात, सुई टोचायला बोट पुढं करतात तर नखापर्यंत तंबाखूचा वास, खोकला असतोच, आणि रिपोर्ट संध्याकाळी म्हटलं की विचारतात उद्या नेला तर चालेल का, आज हजार विड्या पुऱ्या करायच्यात. विडी बंद झाली तर यांनी काय करायचं हा एथिक्सचा प्रश्न नाही का? एक व्हिडिओ तरी पाहिजे होता, खरंच.

सर्टिफिकेटला पैसे मागतात, भरू नका, आपल्याकडे पगारवाढीला ते कुणी बघत नाही. शेवटची असाइनमेंट दुसरे विद्यार्थी तपासतात. मी उस्मानाबादची केस लिहिली, त्यावर एकाचा शेरा आला की उदाहरण चांगलं आहे पण लोकल आहे, ग्लोबल द्या.